अकरा आणि आठ यांच्यामधलं टिंब

तीर्थस्वरूप दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, पण जोडलेत असं धरून चाला).

तुमची तब्येत बरी असेलच. ताईचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या दुकानासमोर खणून ठेवलेला खड्डा बुजवला, की गिऱ्हाईक अजून वजनकाटा डोक्यावर धरून उडी मारत येतं? इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमची लेक मजेत आहे. जन्मली तेव्हा तुम्हीच तिला दुकानातल्या काट्यावर ठेवून "ही तर छटाक" म्हणाला होतात. आता चौदाव्या वर्षी ती चांगली पावशेर झाली आहे, तरी नाव काही सुटत नाही. आमच्या गल्लीतही सगळे तिला छटाकच म्हणतात. हाक मारली की ती आधी मान तिरकी करून बघते, अगदी तुमच्यासारखी, समोरच्याचं वजन खरं की खोटं ते जोखते आणि मग ओ देते. सुट्टीचे आठ दिवस म्हणून आली होती, तो मुक्काम जरा लांबला. तो का लांबला हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला कळेल आणि कळल्यावर तुम्ही रागावणार नाही, अशी खात्री आहे (मला आहे; छटाकच्या मामीला नाही). अक्षर एवढं मोठं का आलंय, तेही पुढे येईल. लहान मुलाला लिहिल्यासारखं वाटलं तर राग मानू नका.

दाजी, काय सांगू आणि कुठून सांगू असं झालंय. गेले पंधरा दिवस मी हे कुणाला तरी सांगायला तडफडतोय. गल्लीतल्या सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झालं. दूधवाला तर हल्ली दारात न थांबता बाटली ठेवून पळतो.

आमचा छापखाना तुम्ही पाहिलेला आहे. पुढे मालकांची काचेची खोली, मागे यंत्रं, आणि जिन्याखाली मी, एक टेबल आणि एक दिवा. सव्वीस वर्षं मी तिथे बसून प्रुफं वाचतोय. लग्नपत्रिकेपासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत जे काही छापलं जातं, ते आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. (माझ्या डोळ्यांबद्दल आत्ता काही विचारू नका.) या कामाला खरी दोन माणसं लागतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवून बघायचं. माझा जोडीदार दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला आणि मालकांनी त्याच्या जागी अजून कुणाला घेतलं नाही. छटाक आली तेव्हा चार दिवस घरात बसून कंटाळली. मामीनं तिला डबा घेऊन माझ्याकडे पाठवलं, ती डबा देऊन तिथेच रेंगाळली, आणि तिसऱ्या मिनिटाला माझ्यासमोर बसून कागद वाचायला लागली. ते वाचणं तुम्ही ऐकायला हवं होतं. स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पुरा, टिंब, सगळं तोंडानं म्हणत, न अडखळता, आगगाडी पुलावरून जावी तसं. मागच्या खोलीतल्या बाइंडर मावशी सुई हातात धरून दाराशी ऐकत उभ्या राहायच्या. या मावशी पुस्तकं शिवतात. बोलतात कमी, आणि बोलल्या की समोरच्याचं बोलणं खुंटतं.

त्याच सुमारास आमच्याकडे एक मोठं काम आलं. देशभरातल्या शाळांची आकडेवारी, सुबक छापून, सहाशे प्रती. कुठल्या वयाची किती मुलं वर्गात आहेत, किती गळली, कुठे बाक कमी, कुठे शिक्षक कमी, असले तक्ते. आणि सातव्या पानावर, ठळक अक्षरांत, सगळ्या पुस्तकाचा प्राण असलेलं एक वाक्य: आज शाळेत पाऊल ठेवणारी मुलगी सरासरी ११.८ वर्षे शाळेत राहील, अशी अपेक्षा आहे. मुलग्यांचा आकडा त्याच्याखाली, १२.१. छटाकनं ते पान माझ्यासमोर वाचलं, टिंबासकट वाचलं, आणि ते बरोबर होतं. हे मी शपथेवर सांगतो.

पुढे जे झालं ते शेवटच्या प्रुफाला झालं. त्या दुपारी छटाक मामीबरोबर बाजारात गेली होती आणि मी एकटाच होतो. आता तुमच्यापासून काय लपवायचं (मामीपासून लपवलं होतं), गेलं वर्षभर मला जिथे तिथे ठिपके दिसत होते. भिंतीवर दिसत, ताटात दिसत, मालकांच्या कपाळावर दिसत. स्वयंपाकघरातल्या एका खिळ्याला मी आठवडाभर माशी समजून हाकलत होतो. शेवटच्या प्रुफावरही असे पाच-सहा काळे ठिपके होते. छपाईच्या प्लेटवर धूळ बसली की असे डाग उमटतात, त्यांना लाल गोल करून कडेला 'डाग, काढावा' असं लिहायचं असतं. मी मोठ्या शिस्तीत सगळ्यांना गोल केले. त्यातले चार डाग प्रुफावर नव्हतेच, ते माझ्या डोळ्यांत होते. एक खरोखर डाग होता. आणि एक होता तो अकरा आणि आठ यांच्यामधला. प्लेटवाल्यानं तो इमानेइतबारे खरवडून काढला.

सोमवारी छपाई झाली, मंगळवारी मावशींनी शिवण संपवली, आणि सहाशे प्रती टेंपोत बसून सभागृहात जाऊन पडल्या. बुधवारी सकाळी अकराला प्रकाशन होतं. बुधवारी साडेआठला मी दाढी करत होतो. छटाक चहा घेत घेत एक जादा प्रत चाळत होती.

"मामा," ती म्हणाली, "मुली एकशे अठरा वर्षं शाळेत राहतात?"

मी म्हणालो, नापास होत राहिल्या तर राहतात. (दाढी करताना मी कुणाचंच नीट ऐकत नाही.) तिनं पानावरचं बोट एक ओळ खाली सरकवलं.

"मग मुलगे बारा वर्षांत कसे सुटतात?"

दाजी, अर्धी दाढी तशीच ठेवून मी ते पान हातात घेतलं. ११८. एक, एक, आठ, एकमेकांना चिकटून, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत बसावेत तसे. या देशातली प्रत्येक मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाणार, आणि तिची पणती शाळेत येईल तेव्हाही ही मागच्या बाकावर बसलेली असणार. मी तसाच छापखान्याकडे धावलो, आणि छटाक टॉवेल घेऊन माझ्या मागे.

मालक नवा कोट घालून निघायच्या तयारीत होते. पान बघितल्यावर त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा झाला, आणि मग कागद संपल्यावर यंत्र थांबतं तसे ते थांबले. पुन्हा छापायला वेळ नव्हता. चिकटपट्टी लावली तर सातव्या पानाला जखम झाल्यासारखी दिसेल. तेव्हा छटाकच म्हणाली की, जादा टिंब खोडता आलं नसतं, पण नसलेलं घालता येतं. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (अर्ध्या दाढीकडे जरा जास्तच वेळ), आणि ड्रॉवरमधली सगळी पेनं खिशात कोंबली. मावशींना हाक मारली. चार माणसं, सहाशे टिंबं.

सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही फरशीवर बैठक मारली. बाहेर माणसं खुर्च्या मांडत होती. टिंब काढणं सोपं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. बॉलपेनचं टिंब गुळगुळीत कागदावर उठेना. मालकांच्या शाईच्या पेनाचं टिंब इतकं उठलं की अकरा आणि आठ यांच्यामध्ये एक जांभूळ ठेवल्यासारखं दिसायला लागलं. माझं तर काय सांगावं, पहिली तीन टिंबं मी ज्यांना आधीच टिंब होतं त्या मुलग्यांना दिली. छटाकनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मला फक्त सातवं पान उघडून द्यायचं काम दिलं, आणि पाळीनं एकेक पेन करून बघितलं. शेवटी मावशींच्या पिशवीतली पुस्तकं शिवायची जाड सुई निघाली. तिचं टोक शाईत बुडवायचं आणि अलगद टेकवायचं. काय टिंब उठलं, दाजी! छापील टिंबाला लाजवणारं. तिचा हात हलत नाही, श्वास धरलेला असतो, टेकवलं की मग सोडते. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, दुकानात.

मावशीही दुसरी सुई घेऊन कोपऱ्यात कामाला लागल्या होत्या. पाऊण तासात पाचशेच्या वर प्रती झाल्या तेव्हा मी सहज त्यांच्या गठ्ठ्यातली एक उघडली. १.१८. दुसरी उघडली. १.१८. पहिल्या वीस-बावीस प्रतींत मावशींनी टिंब पहिल्याच एकापुढे दिलं होतं, आणि नंतर छटाकचं बघून जागा बदलली होती. मालक कपाळावर हात मारून म्हणाले की मावशी, असं कसं केलंत, मुली काय शाळेत एकच वर्ष राहतात? मावशींनी सुई पुसली.

"मी तेवढीच राहिले होते," त्या म्हणाल्या. "वर्ष आणि वर थोडे दिवस. मला वाटलं, बरोबर असेल."

मालकांनी कपाळावरचा हात तसाच केसांवरून मागे नेला, जणू आधीपासून केसच सारखे करायचे होते. छटाक मावशींकडे बघत राहिली. मग तिनं त्या बावीस प्रती वेगळ्या काढून भिंतीशी रचल्या, आणि मावशी त्यांच्यावर बसून पुढचं काम करू लागल्या.

एवढ्यात दार उघडलं. ज्यांच्या खात्याचं हे पुस्तक, त्या मोठ्या बाई वेळेआधीच आल्या होत्या. समोर काय बघतात, तर फरशीवर पुस्तकांचा डोंगर, अर्ध्या दाढीचा एक इसम, शाईनं निळे झालेले मालक, आणि मधोमध एक मुलगी सुई घेऊन त्यांच्या अहवालावर शस्त्रक्रिया करत बसलेली. मालकांनी लगेच सुरुवात केली की, ही आमच्या छापखान्याची खास हाती सजावट आहे, जादा पैसे न घेता. मी मान डोलावत होतो. छटाक म्हणाली, "टिंब पडलं होतं. आम्ही घालतोय. अजून चाळीस राहिलेत."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि चक्क खाली बसल्या. हे तुझ्या लक्षात कसं आलं, असं त्यांनी विचारलं. छटाकनं सांगितलं, बाबांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, काट्याच्या पडद्यावर टिंब दिसेनासं झालं की दीड किलोचे पंधरा होतात, म्हणून काटा हातात आला की आधी टिंब बघायचं, अशी सवय आहे. (दाजी, तेव्हा माझी छाती तुमच्या वाटणीची फुगली.) मग तिनं उलट बाईंनाच विचारलं की, ही अकरा पॉइंट आठ वर्षं कुणी मोजली? इतक्या मुलींच्या मागे कोण फिरलं?

बाईंनी तिला असं समजावलं की मलाही समजलं, म्हणजे बघा. कुणी कुणाच्या मागे फिरत नाही. सहा वर्षांच्या मुलींपैकी आज किती शाळेत आहेत, सातच्या किती, आठच्या किती, असं चढत्या वयानं बघत जायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. हे सगळं आज आहे तसंच राहिलं, तर आज शाळेत आलेल्या मुलीच्या वाट्याला सरासरी किती वर्षं येतील, त्याचा तो अंदाज. त्यात एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसलेलं वर्षही धरतात. (म्हणजे मी नववीत दोनदा बसलो ते वाया गेलं नाही. हे मी ताबडतोब मालकांना सांगितलं.) छटाकनं बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली की मावशी सव्वा वर्ष, आई पाच, मी आठ, मग सरासरी बारापर्यंत न्यायला कुणीतरी पंधरा-सोळा वर्षं बसत असणार. बाई म्हणाल्या, बसतात. मीही बसले होते. आणि तू? आठच का?

"आमच्या गावात पुढचा वर्ग नाही. आता दुकान."

आता मोठं भाषण होणार म्हणून मी अंग चोरून बसलो. बाईंनी भाषण केलं नाही. दुकानात तुझ्याशिवाय कुणी नाही का, एवढंच विचारलं. छटाकनं सुई पुन्हा शाईत बुडवली.

"बाबांचा हात थरथरतो," ती म्हणाली. "बारीक वजनं चिमट्यानं मीच ठेवते. गिऱ्हाइकांना माहीत नाही."

दाजी, तिच्यावर रागावू नका. तिनं ते चुगली म्हणून सांगितलं नाही, किंमत सांगावी तसं सांगितलं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. गेल्या भेटीत तुम्ही म्हणालात की आठवी पुरे, पाचवी शिकून तिच्या आईचा संसार चाललाच ना, तेव्हा मी चहा पीत मान हलवली होती आणि घरी येऊन मामीला म्हणालो होतो की दाजी जुन्या वळणाचे. तुमच्या हाताचं मला ठाऊक नव्हतं. ताईनंही सांगितलं नाही. काटा बरोबर करणाऱ्याचा हात थरथरतो हे बाजारात कळलं तर दुकानाची पायरी कोण चढेल, हे तुम्ही दोघांनी मनात ठेवलंत आणि पोरीनंही ठेवलं. आणि मी सख्खा मेव्हणा असून मला कुणी काही बोललं नाही, कारण मी गल्लीभर सांगतो. (खरं आहे. पण हे नाही सांगितलं.)

बरं, पुढे ऐका, खरी धमाल पुढेच आहे. अकराला दहा कमी असताना शेवटचं टिंब पडलं. आम्ही हात धुवायला गेलो, मावशी चहाला उठल्या, आणि तेवढ्यात सभागृहातल्या माणसांनी भिंतीशी रचलेला तो नीटनेटका बावीस प्रतींचा गठ्ठा उचलून थेट व्यासपीठावर नेला. पाहुण्यांसाठी खास वेगळा काढलाय, असं त्यांना वाटलं. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. प्रमुख पाहुणे उठले, सातवं पान उघडलं, आणि भरल्या आवाजात वाचलं की आज शाळेत पाऊल ठेवणारी मुलगी सरासरी एक पूर्णांक अठरा वर्षे शाळेत राहील. थांबले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले की ही प्रगती अत्यंत समाधानकारक आहे.

टाळ्या पडल्या, दाजी! सबंध सभागृहानं टाळ्या वाजवल्या. शिकलेली माणसं, इस्त्रीचे कपडे, मांडीवर तेच पुस्तक, आणि कुणाच्याही भुवया हलल्या नाहीत. मालक खुर्चीत इतके खाली घसरले की फक्त कोट बसल्यासारखा दिसत होता. मावशी तेवढ्या टाळ्या न वाजवता बसल्या होत्या. आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. तुमची छटाक उभी राहिली होती. वर्गात करतात तसा तिनं हात वर केला, आणि तो कुणी बघेपर्यंत वरच ठेवला. मी तिचा फ्रॉक खाली ओढत होतो. शेवटी पाहुण्यांनी विचारलं, काय गं बाळ?

"अकरा पॉइंट आठ," ती म्हणाली. "एक वर्ष नाही."

पाहुणे म्हणाले की, बरोबर, तेच तर मी म्हणालो. पण तोपर्यंत पहिल्या रांगेतल्या मोठ्या बाई उठल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना सातवं पान उघडायला लावलं. तुमच्या हातातलं टिंब छापलेलं नाही, म्हणाल्या, या मुलीनं आज सकाळी सुईनं दिलेलं आहे, आणि ती स्वतः आठ वर्षांवर थांबली आहे. बास. एवढं बोलून बसल्या. आता मात्र कुणी टाळी वाजवली नाही. पाचशे पानं एकदम उलटल्याचा आवाज झाला. मग एकेक डोकं मागे वळायला लागलं, आणि छटाक खुर्चीत बसून माझ्या दंडामागे लपली.

कार्यक्रमानंतर मालकांनी ते शेवटचं प्रूफ शोधून काढलं. टिंबाभोवती लाल गोल, कडेला माझं अक्षर. मी कबूल करून टाकलं. त्यांनी मला ओरडायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला सांगितली. मी वाचली. ते कॅलेंडर नव्हतं, आरसा होता. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला, पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रिया. ती उत्तम झाली. पट्टी निघाली तेव्हा मामीचा चेहरा मी वर्षभरात प्रथमच नीट पाहिला. (ती म्हणाली, काय बघताय? मी म्हणालो, काही नाही, ठिपके गेले.) बारीक अक्षर मात्र अजून दिसत नाही. म्हणून हे पत्र दगडावर कोरल्यासारखं आलंय.

आता आवरतं घेतो. तिकडच्या थोरांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण तुमच्याकडची लहान इकडे आहे, तिला तोंडीच देतो.

तुमचा मेव्हणा

ता. क. एक लिहायचं राहिलं. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे मुलींची शाळा आहे, दहावीच्याही पुढे वर्ग आहेत. छटाकला नववीत बसवायला तुमची परवानगी हवी होती. हवी होती म्हणजे अजूनही हवी आहे, पण शाळा मागच्या सोमवारीच उघडली, आणि परवानगीची वाट बघत पोरीनं घरात बसावं हे मामीला पटलं नाही. गणवेश मामीनं शिवला. आज नववा दिवस. दोघींच्या बाकावर तिसरी बसते, गणिताच्या बाई खूश आहेत. मुख्याध्यापिकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, तेवढ्यात आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला आणि अर्जावर वडलांची सही लागेल. (शाळेत राहायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हे मी मुख्याध्यापिकांना दाखवून दिलं. त्यांना हसू आलं नाही.)

ता. क. २. मालकांनी मला दोन महिने विश्रांती दिली आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ते म्हणाले की टिंब दिसायला लागलं की ये. तोवर घरी बसलो तर मामी मला घराबाहेर काढील. म्हणून गुरुवारच्या दहाच्या बसनं मी तुमच्याकडे येतोय. रागावून बस सुटायच्या आत कळवलंत तरी उपयोग नाही, तिकीट काढलंय. दुकानात बसेन. माझी नजर अधू, पण हात दगडासारखा आहे. तुमचा हात थरथरतो, पण नजर घारीची आहे. तुम्ही मागून सांगा, मी चिमट्यानं ठेवतो. दोघांत मिळून एक माणूस होतो, आणि चौदा वर्षांची एक पोर मोकळी होते. दोन महिन्यांनी काय, ते दोन महिन्यांनी बघू. सुट्टीत छटाक येईल तेव्हा आपल्या चुका काढेलच. गिऱ्हाइकांना मी काही बोलणार नाही. ताईची शपथ घेऊन सांगतो (ताईला विचारून घेतली आहे).

ता. क. ३. ताईला विचारून घेतली म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. तिला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दाखला तिनं गेल्या आठवड्यात गुडघा दुखत असताना शाळेत जाऊन आणलाय आणि तो तुमच्या उशीखाली आहे, अर्जासकट. तुम्ही चार रात्री त्याच्यावर झोपला आहात. फक्त सही राहिली आहे. सही थरथरती आली तरी चालेल, दाजी. मी शाळेत विचारून आलोय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वडलांची असली म्हणजे झालं.